चार कोपऱ्यांतली घड्याळं: ‘द डार्क साइड ऑफ द मून’च्या तीन सराउंड मिक्सची पार्श्वभूमी

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बॅंडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ या अल्बमच्या पन्नाशीनिमित्त २०२३ मध्ये त्याचं डॉल्बी अ‍ॅटमॉस मिक्स (मिक्स म्हणजे सुट्या ट्रॅकांची जुळणी) निघालं आणि सदाशिव पेठेतल्या आमच्या ऐकणाऱ्या मंडळींत जुना वाद पुन्हा पेटला. हा अल्बम सराउंडमध्ये, म्हणजे आपल्याभोवती मांडलेल्या स्पीकरांवर, ऐकायचा तर कुठला? मूळ ध्वनिमुद्रणाचे तंत्रज्ञ अ‍ॅलन पार्सन्स यांचं १९७३ चं क्वाड (चार कोपऱ्यांत चार स्पीकर), ध्वनितंत्रज्ञ जेम्स गथ्रींचं २००३ चं ५.१ (पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक), की गथ्रींचंच नवं अ‍ॅटमॉस? वाद दरवेळी ‘कुठलं जास्त स्वच्छ वाजतं’ इथे येऊन अडकतो. मला वाटतं, आधी विचारायला हवं ते हे की कुठलं मिक्स ऐकणाऱ्याला कुठे बसवतं.

पुण्यात राहणाऱ्याला हा फरक अंगानेच ठाऊक असतो. सवाई गंधर्व महोत्सवाला आपण मंडपात बसतो, गाणं समोरच्या मंचावरून येतं. अनंत चतुर्दशीला बेलबाग चौकात उभं राहावं, तर पुढे गेलेल्या पथकाचे ढोल छातीत घुमत असतात, मागून येणाऱ्या पथकाचा ताशा मानेवर आदळतो आणि वरच्या गॅलरीतून कुणी कुणाला हाक मारत असतं. एक समोरचं ऐकणं, दुसरं मधोमधचं.

पिंक फ्लॉइडला हे मधोमधचं ऐकणं पहिल्यापासून हवं होतं. १२ मे १९६७ रोजी लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये त्यांनी ‘अ‍ॅझिमथ को-ऑर्डिनेटर’ नावाची पेटी वापरली. ईएमआय या रेकॉर्ड कंपनीच्या बर्नार्ड स्पाइट या तंत्रज्ञाने ती बनवली होती. पेटीवर दांडी होती. बॅंडचे कीबोर्डवादक रिचर्ड राइट ती ज्या दिशेला झुकवतील, त्या दिशेच्या स्पीकरकडे आवाज सरके. कार्यक्रमानंतर ती पेटी चोरीला गेली. मग दुसरी बनवून घेतली आणि १९६९ मध्ये रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये वापरली.

या अल्बमचा जन्मही मंचावरच झाला. २० जानेवारी १९७२ रोजी ब्रायटनला तो पहिल्यांदा सलग वाजवायला घेतला, पण तांत्रिक बिघाडामुळे ‘मनी’ या गाण्यापाशी थांबवावा लागला. ध्वनिमुद्रण त्या वर्षीच्या मध्यापासून लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत सुरू झालं. ‘मनी’च्या सुरुवातीला नाणी, फाटणारा कागद आणि गल्ल्याचं मशीन यांच्या सात आवाजांची जी टेप फिरते, तिचे तुकडे पट्टीने मोजून, कापून जोडले होते. तुकड्याची लांबी चुकली की ताल चुकला. आणि ही टेप नुसती जोडून भागलं नाही, तर आवाज खोलीभर एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात चालत जावेत म्हणून चार ट्रॅकसाठी ती नव्याने तयार केली. ‘टाइम’ या गाण्यातली घड्याळंही अशीच. पार्सन्सनी ती क्वाडच्या चाचणीसाठी जुन्या घड्याळांच्या दुकानात जाऊन एकेक करून मुद्रित केली होती. बॅंडला गरज पडली तेव्हा ती हाताशी होती. म्हणजे क्वाड हा या अल्बमवर मागाहून चढवलेला साज नव्हता. आपण स्टीरिओत जे ऐकतो, त्यातले निदान दोन प्रसिद्ध तुकडे मुळात चार स्पीकर डोळ्यांसमोर ठेवून जन्मले.

तरीही क्वाडला वेळ मिळाला नाही. २७ फेब्रुवारी १९७३ ला लंडनच्या तारांगणात पत्रकारांसाठी अल्बम वाजवायचं ठरलं, पण तोवर क्वाड मिक्स पुरं झालेलं नव्हतं. मग स्टीरिओच वाजवलं. बॅंडपैकी फक्त राइट हजर राहिले, बाकीचे रागाने फिरकलेच नाहीत.

पुढे क्वाड बाजारात आलं ते एलपी आणि कार्ट्रिज अशा दोन रूपांत. खरी मेख एलपीत होती. खोबणीत डावा-उजवा असे दोनच चॅनेल मावतात. सीबीएस कंपनीच्या एसक्यू पद्धतीत चार चॅनेल कलाभेदाच्या, म्हणजे फेजच्या युक्तीने दोनांत गुंडाळत आणि घरच्या डिकोडरने ते उलगडायचे. साध्या डिकोडरने पुढचे आणि मागचे आवाज एकमेकांपासून जेमतेम ३ डेसिबलने वेगळे होत. पार्सन्सनी मागच्या डाव्या कोपऱ्यात ठेवलेलं घड्याळ घरी येईपर्यंत अर्धं पुढे सरकलेलं असे. आठ ट्रॅकच्या कार्ट्रिजमध्ये चारही चॅनेल सुटे राहत, पण टेप दुप्पट वेगाने खर्ची पडे. शिवाय जेव्हीसीची सीडी-४, सान्सुईची क्यूएस अशा एकमेकींशी न जुळणाऱ्या पद्धती होत्या. गिऱ्हाईक गोंधळलं आणि सत्तरचं दशक संपायच्या आत क्वाड दुकानांतून उठलं.

एसक्यूचा एक गुण मात्र सांगायलाच हवा. ती एलपी साध्या स्टीरिओवरही बिनतक्रार वाजते. आमच्यातल्या एका काकांकडे अशी प्रत आहे. सत्तरच्या दशकात त्यांच्या चुलतभावाने ती इंग्लंडहून आणली. काकांकडे डिकोडर कधीच नव्हता. दोन स्पीकरवर ते ती चाळीसेक वर्षं ऐकत आले आणि आम्हाला सांगत राहिले, ‘अरे, माझी तबकडी तुमच्यासारखी वाजत नाही.’ आम्ही ते सुईच्या किंवा वयाच्या खात्यावर टाकायचो. काकांचं बरोबर होतं. ते इतकी वर्षं पार्सन्सचं क्वाड मिक्सच ऐकत होते, फक्त घडी घातलेलं. मी त्यांची रीतसर माफी मागितली.

२००३ मध्ये तिशीनिमित्त एसएसीडी, म्हणजे सराउंडही मावणारी सुधारित सीडी, निघाली, तेव्हा ५.१ चं काम पार्सन्सकडे न जाता गथ्रींकडे गेलं. ‘द वॉल’च्या ध्वनिमुद्रणापासून ते बॅंडबरोबर होते, त्यामुळे निवड समजण्यासारखी आहे. मूळ मुद्रण १६ ट्रॅकचं. जागा पुरेना, म्हणून त्या काळी काही ट्रॅक एकत्र करून दुसऱ्या टेपवर उतरवले होते, आणि प्रत्येक नकलेगणिक टेपची सरसर वाढत जाते. गथ्री पहिल्या पिढीच्या, म्हणजे नक्कल होण्याआधीच्या, टेपांकडे परत गेले. ते कष्ट ऐकू येतात. ‘द ग्रेट गिग इन द स्काय’मध्ये गायिका क्लेअर टॉरींचा श्वाससुद्धा मोकळा होतो आणि बासला खालची जमीन मिळते. पण पार्सन्सनी जाहीरपणे म्हटलं होतं की गथ्री बहुधा मूळ स्टीरिओशी जरा जास्तच प्रामाणिक राहिले. मला ते पटतं. गथ्रींच्या मिक्समध्ये आपण उत्तम जागी बसलेलो असतो, पण मंडपातच. पार्सन्स आपल्याला उचलून चौकात नेतात. २४-२५ वर्षांच्या तंत्रज्ञाच्या हातात नवं साधन आलं की तो ते सगळं वापरून बघतो, तसं ते मिक्स आहे. काही ठिकाणी अतिरेक आहे, मला तो हवा आहे.

दोन्हींची तुलना समान अटींवर करता आली ती २०११ पासून. त्या वर्षीच्या ‘इमर्शन’ संचातल्या ब्लू-रेवर क्वाड आणि ५.१ दोन्ही होती, ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटमध्ये, म्हणजे सीडीपेक्षा जास्त बारकाव्याने. डिकोडरची भानगड संपली, चार चॅनेल सुटे मिळाले. १९७३ मध्ये पार्सन्सनी जे ऐकलं, ते त्या दर्जात घरी बसून ऐकायला ३८ वर्षं लागली.

घर मात्र आपलंच असतं. काकांची खोली दहा बाय बाराची, दिवाण भिंतीला टेकलेला. असं असलं की मागचे स्पीकर कानाला चिकटतात आणि क्वाड मरतं. आम्ही दिवाण मधे ओढला. बसायच्या जागी सुतळीचं एक टोक धरलं आणि त्याच मापाने चारही स्पीकर मांडले. मागची जोडी पुढच्यासारखीच घेतली. क्वाडमध्ये मागचे स्पीकर पुढच्यांइतकंच काम करतात. ५.१ साठी तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून आणलेली छोटी जोडी एरवी चालते, इथे ‘मनी’ची नाणी अर्ध्या वाटेत पातळ होतात. सतरंजीखालून वायर नेल्या आणि ‘टाइम’ लावलं. घड्याळं चारही कोपऱ्यांतून एकदम वाजली. काका काही बोलले नाहीत. गाणं संपल्यावर त्यांनी आपली एलपी कव्हरमधून काढली, बघितली आणि परत ठेवली.

अ‍ॅटमॉसची वंशावळ वेगळी आहे. तंत्र २०१२ मध्ये सिनेमासाठी आलं आणि आपल्याकडेही अनेक चॅनेलचा आवाज सिनेमातूनच पोचला. ७० एमएमचा ‘शोले’ पाहिलेल्यांना सहा ट्रॅकचं नाणं आठवत असेल. अ‍ॅटमॉसमध्ये आवाज ठरावीक स्पीकरला बांधलेला नसतो. तो अवकाशात कुठे आहे एवढं नोंदवलं जातं आणि तुमच्या खोलीत असतील त्या स्पीकरांतून यंत्र तो तिथे मांडतं. १९६७ च्या पेटीतली दांडी आता आकड्यांत लिहिली जाते, आणि तिला वर-खाली अशी आणखी एक दिशा मिळाली आहे. ‘ऑन द रन’सारख्या, सिंथेसायझरवर उभ्या असलेल्या तुकड्याला ही उंची शोभते. तिथे आवाजाला मुळात जमीन नाहीच. गायनाच्या जागी मला उंचीने फारसं काही दिलं नाही.

बहुतेक लोक हे मिक्स हेडफोनवर ऐकतात. ते ऐकूनच कुणी अ‍ॅटमॉस बाद ठरवत असेल, तर तो घाई करतो आहे. हेडफोनवर मागची दिशा मेंदूला फसवून उभी करावी लागते आणि प्रत्येकाच्या कानाची ठेवण वेगळी असते. मला स्वतःला घड्याळं डोक्याच्या आतच वाजताना ऐकू येतात, शेजारी बसलेल्या मित्राला ती मागून येतात. पुढच्या महिन्यात काकांच्या माळ्याच्या कडेला दोन स्पीकर टांगून बघायचे आहेत. सुतळी जपून ठेवली आहे.