मराठवाड्यातील स्त्रियांची रजोनिवृत्ती

रजोनिवृत्ती म्हणजे स्त्रीची मासिक पाळी कायमची थांबणे. सलग 12 महिने पाळी आली नाही आणि गर्भारपण, अंगावर पाजणे किंवा एखादे आजारपण हे त्याचे कारण नसेल, तर पाळी गेली असे वैद्यकशास्त्र मानते. अंडाशयातील स्त्रीबीजांचा साठा संपत येतो, इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटते आणि त्याचे परिणाम हाडांपासून झोपेपर्यंत सगळीकडे दिसू लागतात. भारतात पाळी जाण्याचे सरासरी वय 46-47 वर्षे धरले जाते. युरोप-अमेरिकेत ते 50-51 च्या आसपास आहे. 45 च्या आत पाळी गेली तर ती लवकर आणि 40 च्या आत गेली तर अकाली समजतात.

छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव, लातूर, नांदेड, परभणी आणि हिंगोली या आठ जिल्ह्यांच्या मराठवाड्यात या विषयाच्या दोन वाटा वेगळ्या ठेवाव्या लागतात. काही बायांची पाळी वयाने जाते, काहींची पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढल्याने जाते. दोघींना गावात एकच वाक्य ऐकू येते, 'सुटलीस बाई'. दोघींच्या शरीरात मात्र जे घडते ते सारखे नसते, आणि या भागातल्या स्त्रियांच्या म्हातारपणाचे पुष्कळसे दुखणे या फरकाकडे झालेल्या दुर्लक्षात आहे.

वयाने जाणारी पाळी

पाळी एका महिन्यात जात नाही. आधीची काही वर्षे ती मागेपुढे होते. कधी दोन महिने येत नाही, कधी पंधरा दिवसांतच येते आणि भरपूर जाते. छातीपासून मानेवर, चेहऱ्यावर एकदम वाफ आल्यासारखे होते, घाम फुटतो, काही मिनिटांत अंग गार पडते. रात्री हेच झाले की झोप मोडते. छाती धडधडते, चिडचिड होते, कशातच मन लागत नाही. बहुतेकींना हा त्रास चार-पाच वर्षे राहतो, काहींना त्याहून जास्त. काहींना तो जवळजवळ होतच नाही.

मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा 40 अंशांच्या वर असतो. पत्र्याच्या घरात, चुलीपुढे किंवा खुरपणीच्या पातीवर डोक्याला पदर गुंडाळून बसलेल्या बाईला अंगातली वाफ कोणती आणि उन्हाची कोणती हे सांगता येत नाही. 'अंगाची नुसती आग होते', 'जीव घाबरतो' असे ती म्हणते आणि घरचे उष्णता झाली म्हणून सब्जा नाहीतर धन्याचे पाणी देतात. त्याने तात्पुरते बरे वाटते, अपाय काही नाही. पण रात्रीची झोप वर्षानुवर्षे मोडत असेल आणि सकाळी आठला कापूस वेचायला जायचे असेल, तर ते केवळ उष्णतेवर ढकलून चालत नाही. ही तक्रार घेऊन आरोग्य उपकेंद्रात जाणाऱ्या बाया थोड्या. गेल्या तरी रक्तवाढीच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांपलीकडे फारसे काही हाती पडत नाही.

योनीमार्ग कोरडा पडणे, संबंधांच्या वेळी दुखणे, लघवीला जळजळणे, शिंकताना-खोकताना लघवी सुटणे याबद्दल बाया सख्ख्या बहिणीशीही बोलत नाहीत. नवऱ्याला नको म्हणता येत नाही आणि कारणही सांगता येत नाही. कोरडेपणावर साधे मलम असते आणि लघवी सुटण्यावर ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम असतात, ही माहिती खेड्यात क्वचितच पोचते.

विटाळ सुटल्यानंतर

पाळी गेल्याने बाईच्या हाती काही गोष्टी येतातही. भाद्रपदातल्या महालक्ष्म्यांचे सोवळे मराठवाड्यात कडक असते. लातूर-धाराशिवकडे येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, आदल्या रात्रीपासून भज्जी आणि आंबिलीची तयारी सुरू होते. पाळी ऐन वेळी आली तर घरची कर्ती बाई कडेला बसते, म्हणून सणाच्या आधी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या दुकानातून आणून घेणे सर्रास चालते. पाळी गेली की हे सगळे संपते. स्वयंपाकघर आणि देवघर दोन्हींची सूत्रे तिच्याकडे राहतात, तुळजापूर-माहूरला जाताना तारखा मोजाव्या लागत नाहीत, पंढरीची वारी अडत नाही. मुसलमान घरांतल्या बायांना रमजानचे रोजे मध्ये सोडून पुढे भरून काढावे लागत नाहीत.

17 मार्च 2023 पासून राज्यात एसटीच्या भाड्यात स्त्रियांना 50 टक्के सवलत मिळू लागली. त्याआधी, ऑगस्ट 2022 मध्ये, 75 वर्षांवरच्या सगळ्यांचा एसटी प्रवास मोफत झाला होता. पन्नाशी उलटलेल्या बायांचे घोळके पैठणला, तुळजापूरला, लेकीच्या गावाला निघालेले एसटीत दिसतात. त्यामागे सुटलेला विटाळ आणि अर्धे तिकीट ही दोन्ही कारणे आहेत.

ही मोकळीक खरी आहे आणि बाया ती मनापासून उपभोगतात. तरी ती विटाळाच्या समजुतीतूनच मिळालेली आहे, आणि पिशवी काढायला तयार होण्यामागे हीच समजूत काम करते, हे विसरता येत नाही.

पिशवीचे ऑपरेशन

बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि पाडव्याच्या आसपास परततात. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरला जातो. मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते आणि ती टनावर फेडायची असते; जानेवारी 2024 च्या करारात तोडणीचा दर टनाला 366 रुपये ठरला. एका दिवसाचा खाडा पडला की मजुरी जाते आणि वर दंड बसतो. पहाटे अंधारातच फडात उतरायचे, नवऱ्याने तोडायचे, बायकोने पाचट काढून मोळी बांधायची आणि डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचे. फडात संडास नाही, न्हाणी नाही, पाळीचे कापड बदलायला आडोसा नाही. ओल्या कापडावर दिवस निघतो. अंगावर पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे, जंतुसंसर्ग, ओझ्याने अंग, म्हणजे गर्भाशय, बाहेर येणे ही दुखणी इथूनच लागतात.

याला लवकर लग्नाची जोड आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत 18 च्या आत लग्न झालेल्या तरुण स्त्रियांचे प्रमाण राज्यात सुमारे 22 टक्के आले. बीड आणि परभणीत ते 40 टक्क्यांच्या वर होते. सतराव्या वर्षी लग्न, बाविशीपर्यंत दोन-तीन लेकरे, मग नसबंदी. त्यानंतर 'पिशवीचे काम संपले' असे घरचे म्हणतात, दवाखान्यात म्हणतात आणि ती स्वतःही म्हणू लागते. दुखणे घेऊन ती तालुक्याच्या खासगी दवाखान्यात जाते, सोनोग्राफी होते, 'पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल' असे सांगितले जाते. बाईचे वय असते तिशीचे. ऑपरेशनसाठी पुन्हा उचल घेतली जाते आणि ती पुढच्या हंगामात फेडायची असते.

2019 मध्ये हा प्रश्न राज्यभर गाजला. त्या वर्षी जूनमध्ये विधान परिषदेत सरकारने सांगितले की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत 4,605 स्त्रियांची गर्भाशये काढण्यात आली. या सगळ्याच ऊसतोड कामगार होत्या असे नाही; म्हणजे ही पद्धत फडाच्या बाहेरही मुरलेली होती. आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीसमोर आलेल्या सर्वेक्षणात बीडमधल्या 82,309 ऊसतोड स्त्रियांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली आढळली. हे प्रमाण साधारण सहाजणींत एक असे पडते. देशात 15 ते 49 वयोगटात ते सुमारे 3 टक्के आहे. त्यानंतर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीवाचून खासगी दवाखान्यांत हे ऑपरेशन करू नये असा नियम बीडमध्ये आला. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गरज नसताना होणाऱ्या अशा शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करण्यास सर्व राज्यांना सांगितले.

पिशवी काढणे कधीच योग्य नसते असे नाही. मोठ्या गाठी, औषधाने न थांबणारा रक्तस्राव, पूर्ण बाहेर आलेले अंग, कर्करोग या कारणांनी ते करावे लागते. पण पांढरे जाणे आणि कंबरदुखी यांवर तो पहिला उपाय नव्हे. कॅन्सरच्या भीतीचे म्हणाल, तर तिचे उत्तर बीडला लागून असलेल्या जिल्ह्यातच सापडले होते. 1999 पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा मोठा अभ्यास झाला. मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय त्यात होते. आयुष्यात एकदा एचपीव्ही या विषाणूची चाचणी करून पुढचे उपचार दिले, तर या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांतून दिसले. जगभरात दाखला दिला जाणारा हा अभ्यास याच मातीतल्या बायांनी तपासणीला होकार दिल्यामुळे उभा राहिला. त्यांच्याच शेजारच्या तालुक्यांत कॅन्सरचे नाव घेऊन, तपासणी न करता पिशव्या निघाव्यात, याची चीड येते.

ऑपरेशनमध्ये नुसते गर्भाशय काढले आणि अंडाशय ठेवले, तर पाळी थांबते पण संप्रेरके चालू राहतात. तरीही अंडाशयांचे काम सरासरीने काही वर्षे आधी आटोपते. दोन्ही अंडाशयही काढले तर रजोनिवृत्ती त्याच दिवशी येते, एका झटक्यात, आणि तिचा त्रास वयाने आलेल्यापेक्षा तीव्र असतो. हाडे लवकर विरळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. अशा तरुण स्त्रीला दुसरा काही अडसर नसेल तर नैसर्गिक वयापर्यंत संप्रेरकांचे औषध देण्याचा सल्ला वैद्यकशास्त्र देते.

अडचण अशी की पुष्कळ बायांना आपले अंडाशय आहेत की नाहीत हेच माहीत नसते. ते दवाखान्यातून सुट्टी होताना मिळालेल्या कार्डावर लिहिलेले असते. कार्ड इंग्रजीत असते. प्लॅस्टिकच्या पिशवीत सोनोग्राफी, रेशनकार्ड आणि आधारच्या झेरॉक्सबरोबर गुंडाळून पत्र्याच्या पेटीत जाते. दहा वर्षांनी कंबर धरली, गुडघे गेले म्हणून ती डॉक्टरकडे जाते तेव्हा ते कार्ड कोणी मागत नाही. ते मागायला हवे. 'पिशवी काढली तेव्हा अंडाशय ठेवले का?' हा प्रश्न मराठवाड्यातल्या प्रत्येक बाह्यरुग्ण विभागात रक्तदाबाइतका नेमाने विचारला जावा.

म्हातारपण

इस्ट्रोजेन घटल्यावर पहिल्या काही वर्षांत हाडे सर्वांत वेगाने झिजतात. मनगट, मणका आणि खुबा ही मोडण्याची ठिकाणे. चाळीस ते साठ या वयात खांदा आखडण्याचे दुखणेही बायांत जास्त. हात वर जात नाही, वेणी घालता येत नाही आणि ज्वारीची भाकरी थापताना परातीवर हाताला पुढचा झटका देता येत नाही. अशी बाई भाकरी सुनेवर सोपवून चुलीपुढून उठते, तेव्हा घरातले तिचे स्थानही थोडे सरकते. तीळ, अंबाडी आणि शेवगा इथल्या जेवणात आहेत आणि हाडांना उपयोगी आहेत. प्रश्न ताटात सर्वांत शेवटी तिच्या वाट्याला किती येते हा आहे.

पाळी गेल्यावर वर्षभराने किंवा नंतर कधीही पुन्हा रक्त दिसले, थेंबभर जरी, तर ते तपासून घ्यावेच लागते. 'राहिलेलं असेल, गेलं' म्हणून सोडून देण्याची रीत आहे आणि तीत गर्भाशयाचा कर्करोग लपतो. छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय आणि तिथलीच राज्य कर्करोग संस्था, तसेच अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय येथे ही तपासणी होते.

सरकारी आरोग्यसेवेत बाईची नोंद गर्भारपण, बाळंतपण आणि नसबंदीभोवती ठेवली जाते. श्रावणबाळ योजनेचे निवृत्तिवेतन 65 व्या वर्षापासून मिळते. पस्तिशीत पाळी गेलेल्या ऊसतोड बाईला मधली तीस वर्षे मजुरीवरच काढायची असतात. नवऱ्याने आत्महत्या केलेल्या किंवा टाकलेल्या एकट्या बाईला तर कोयत्यातही जागा मिळत नाही, कारण तो जोडीने धरायचा असतो. शिवाय शाळेत न गेलेल्या पुष्कळ जणींच्या आधारवर जन्मतारीख अंदाजाने 1 जानेवारी अशी टाकलेली आहे. लिहिणाऱ्याने वय पाच वर्षांनी कमी धरले असेल, तर निवृत्तिवेतनही तेवढेच लांबते, आणि ते दुरुस्त करायला लागणारा जन्माचा दाखला तिच्या पिढीत कुणी काढलेलाच नसतो.