प्लॉट नंबर १७, पण कोणत्या ले-आउटमधला?

नागपुरात घर शोधायचं तर नुसता प्लॉट नंबर सांगून भागत नाही. गावाबाहेरच्या शेतांचे ले-आउट पडत गेले आणि प्रत्येक ले-आउटने आपली मोजणी १ पासून सुरू केली. आमच्या त्रिमूर्तीनगरच्या बाजूलाच १७ नंबरचे प्लॉट किती निघतील, सांगता येत नाही. कुरिअरवाला फोनवर म्हणतो, "काका, मी सतरा नंबरसमोरच उभा आहो ना!" तो खरंच बोलत असतो. आणि मीही १७ नंबरच्याच फाटकात उभा राहून रस्त्याकडे बघत असतो.

रविवारी सकाळी मी वस्तीतल्या एका अभ्यासिकेत मुलांना लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम शिकवतो. मध्यंतरी एका मुलीने घरच्या कॉम्प्युटरवर पेन ड्राइव्ह लिनक्सच्या पद्धतीने फॉरमॅट केला, त्यात आपला प्रोजेक्ट भरला आणि तो इथल्या मशीनला आणून लावला. फाइलींच्या मालकाच्या जागी तिच्या वर्गातल्या एका मुलाचं नाव! "सर, माझ्या फाइली याच्या नावावर कशा दाखवून राहिलं हे?" तो बिचारा शेजारीच बसला होता. त्याने पेन ड्राइव्हला हातही लावला नव्हता.

झालं होतं ते कुरिअरवाल्यासारखंच. फाइलीवर मालकाचं नाव कधीच लिहिलेलं नसतं, लिहिलेला असतो नंबर. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, माणसांना नंबरांनीच ओळखतो. कोणत्या नंबराचं नाव काय, ही यादी प्रत्येक मशीनवर वेगळी ठेवलेली असते आणि ती आपल्या सोयीसाठी असते. बहुतेक लिनक्समध्ये पहिलं खातं उघडणाऱ्याला १००० हा नंबर मिळतो. तिच्या घरी १००० म्हणजे ती. अभ्यासिकेत सगळ्यात आधी खातं उघडलं त्या मुलाने, म्हणून इथे १००० म्हणजे तो. पेन ड्राइव्हसोबत नंबर आला, ले-आउट मात्र घरीच राहिला.

या नंबरांत ० नंबराचा मान वेगळा. त्याला रूट म्हणतात आणि फाइल वाचायची की लिहायची याची जी बंधनं बाकीच्यांना आहेत, ती त्याला नाहीत.

एका मशीनवर अनेक माणसं, ही गोष्ट आज साधी वाटते. १९५०च्या दशकात ती साधी नव्हती. कार्डांना भोकं पाडून गठ्ठा द्यायचा आणि उत्तरासाठी तासन्‌तास, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचं. १९५९ मध्ये संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी यांनी सुचवलं की कॉम्प्युटरचा वेळ बारीक तुकड्यांत वाटून द्यावा. तुकडे इतके लहान, की प्रत्येकाला मशीन आपलंच वाटावं. नोव्हेंबर १९६१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात फर्नांडो कोर्बाटो यांच्या गटाने हे चालवून दाखवलं. त्या सिस्टिमचं नाव सीटीएसएस.

याच सीटीएसएसवर पुढे घडलेला एक प्रसंग मी दर वर्षी मुलांना सांगतो, कारण एका नावावरून किती अनर्थ होऊ शकतो हे त्याहून चांगलं मला सांगता येत नाही. तिथला मजकूर लिहायचा प्रोग्रॅम, म्हणजे एडिटर, काम करताना एक तात्पुरती फाइल तयार करायचा. तिचं नाव ठरलेलं, कायम एकच. तेव्हा त्यात चूक वाटण्यासारखं काही नव्हतं. प्रत्येकाची डिरेक्टरी, म्हणजे फोल्डर, वेगळी आणि आपल्या डिरेक्टरीत आपण एकटेच काम करणार, मग नाव एकच असलं तरी टक्कर होणार कुठे? पण सिस्टिम सांभाळणाऱ्यांची डिरेक्टरी सामाईक होती. एके दिवशी दोघं जण तिथे एकाच वेळी एडिटर उघडून बसले. एक जण त्या दिवसाची सूचना लिहीत होता, दुसरा सगळ्यांच्या पासवर्डांची फाइल दुरुस्त करत होता. दोघांच्या तात्पुरत्या फाइली एकाच नावाखाली एकमेकींत गेल्या. त्यानंतर जो कोणी लॉगिन करील त्याच्यासमोर दिवसाच्या सूचनेऐवजी सगळ्यांचे पासवर्ड उमटायला लागले, सरळ वाचता येतील असे. कोर्बाटो यांनी १९९० च्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात हा प्रसंग सांगितला आहे. हे पंधरा-वीस मिनिटं चाललं असं ते म्हणतात.

कोणी कुलूप तोडलं नव्हतं. एकाच ले-आउटमध्ये दोन प्लॉटना १७ नंबर दिला गेला, एवढंच. आजचे प्रोग्रॅम तात्पुरत्या फाइलीला कोणाला अंदाज येणार नाही असं नाव देतात. युनिक्स, म्हणजे लिनक्स ज्या घराण्यातलं ती जुनी सिस्टिम. तिच्या सामाईक तात्पुरत्या डिरेक्टरीत फाइल ठेवता कोणालाही येते. काढता मात्र ज्याची त्यालाच येते, किंवा मग रूटला.

आता ही सगळी माणसं मशीनशी बोलणार कशी? १९६९ मध्ये बेल लॅब्ज या अमेरिकेतल्या संशोधन संस्थेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स सुरू केलं तेव्हा समोर असायचा तो टेलिटाइप. कळफलक, कागदाचं रीळ आणि खडखडत सेकंदाला १० अक्षरं छापणारं यंत्र. टेलिटाइपचं लघुरूप टीटीवाय. आमच्या अभ्यासिकेतल्या मशीनला आजही 'टीटीवाय' ही आज्ञा दिली की तुम्ही कोणत्या टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या कोणत्या जागेवर, बसला आहात ते कळतं. दोन खिडक्या उघडल्या तर दोन वेगळी उत्तरं येतात. पलीकडे यंत्र कुठलंच नसतं. खिडकीचा प्रोग्रॅम टेलिटाइपचं सोंग घेतो आणि कर्नल त्याच्याशी जुन्याच रिवाजाने वागतो.

हा रिवाज बघण्यासारखा आहे. तुम्ही 'क' दाबला की तो थेट स्क्रीनवर जात नाही. आधी कर्नलकडे जातो, कर्नल तो परत पाठवतो, तेव्हा दिसतो. पासवर्ड टाकताना प्रोग्रॅम कर्नलला सांगतो, आता अक्षरं परत पाठवू नकोस. पहिल्या दिवशी दर वर्षी कोणीतरी विचारतंच, "सर, कीबोर्ड बिघडला का?" एंटर दाबेपर्यंत ओळ साधारणपणे कर्नल स्वतःकडे ठेवतो, म्हणून बॅकस्पेस चालतं. कागदावर छापलेलं अक्षर पुसता येत नाही, म्हणून सुरुवातीच्या युनिक्समध्ये हॅशचं चिन्ह टाइप केलं की आधीचं अक्षर रद्द समजायचे. आणि कंट्रोल-सी दाबलं की प्रोग्रॅमकडे अक्षर जातच नाही. त्या टर्मिनलवर समोर जे काम चालू असेल त्याला कर्नल 'थांब' असा इशारा देतो. शेजारच्या टर्मिनलवरच्या कामाला धक्काही लागत नाही. खिडकी बंद केल्यावर जो इशारा जातो त्याचं नाव हँगअप, फोन खाली ठेवणं. टर्मिनल फोनच्या तारेने जोडलेलं असायचं त्या काळातलं ते नाव.

तरी एक अडचण उरलीच होती. माणसं वेगळी झाली, पण सगळ्यांना दिसणारं गाव एकच होतं. प्रोसेसची, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रॅमची, यादी एक, डिरेक्टऱ्यांचं झाड एक. बेल लॅब्जच्याच प्लॅन नाइन या सिस्टिमने १९८०च्या दशकाच्या शेवटी वेगळी वाट धरली: प्रत्येक प्रोसेसला फाइलींच्या झाडाचं स्वतःचं रूप दाखवता येऊ दे. लिनक्समध्ये ही कल्पना हप्त्याहप्त्याने आली. २००२ मध्ये फाइलींच्या झाडासाठी, २००८ मध्ये प्रोसेसच्या नंबरांसाठी, २०१३ मध्ये माणसांच्या नंबरांसाठी. हीच नेमस्पेस. डॉकरसारखे कंटेनर, म्हणजे प्रोग्रॅमला त्याच्या वेगळ्या कुंपणात चालवायची सोय, हिच्यावर उभे आहेत.

मला यातलं सगळ्यात सुंदर वाटतं ते माणसांच्या नंबरांचं. ही नेमस्पेस वापरली, की कंटेनरच्या आत एक प्रोसेस स्वतःला ० नंबर समजते, म्हणजे रूट. तिच्या ले-आउटमध्ये ती खरोखर मालक असते. बाहेरून बघितलं तर तोच नंबर समजा १००००० असतो, कसलाच अधिकार नसलेला. भिंत ओलांडून बाहेर आलीच, तरी हातात किल्ल्या नसतात. जमीन मात्र सगळ्यांच्या खाली एकच, तोच कर्नल. त्यालाच भगदाड पडलं तर ले-आउटची कुंपणं कामाला येत नाहीत. म्हणून बँकेसारख्या ठिकाणी नुसत्या कंटेनरवर विसंबू नये असं माझं मत आहे.

गेल्या रविवारी मुलांना फोनवर टर्मक्स हे टर्मिनलचं ॲप घ्यायला लावलं आणि 'मी कोण' विचारणारी आज्ञा द्यायला सांगितली. फोनचा मालक एकच, तेव्हा स्वतःचं नाव येईल असं सगळ्यांना वाटलं होतं. आलं भलतंच: 'यू-शून्य, ए-२१३' असं काहीतरी. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सच आहे, आणि माणसांना वेगळं ठेवणारी जुनी व्यवस्था त्याने ॲपसाठी वापरली. प्रत्येक ॲपला साधारणपणे स्वतःचा नंबर, १०००० पासून पुढे. म्हणजे २१३ हा खरा १०२१३. बँकेचं ॲप आणि एखादा खेळ हे तुमच्या फोनवर दोन वेगळ्या माणसांसारखे राहतात. दुसऱ्याची खाजगी फाइल उघडायला गेलं की कर्नल जुन्याच नियमाने नाही म्हणतो.

मुलं एकमेकांचे नंबर बघायला लागली. दोघांचा अगदी एकच निघाला. "सर, आमचा नंबर सारखाच येऊन राहिला, आता?" मी फळ्याकडे वळलो, पण उत्तर मला द्यावं लागलं नाही. ते पेन ड्राइव्हवालीने दिलं.