आधी कानावर, मग हातात : खान्देशातल्या पुस्तकांच्या दुकानाचं वर्ष

खान्देशात तालुक्याच्या गावी पुस्तकांचं दुकान असेल, तर त्याच्या काचेच्या कपाटावरून महिना ओळखता येतो. जूनमध्ये पाठ्यपुस्तकं, वह्या आणि गाईड. श्रावणात पोथ्या. दिवाळीला अंक. फेब्रुवारी-मार्चमध्ये वाचनालयांसाठी सुतळीने बांधलेले गठ्ठे. या चक्रात आता आणखी एक गोष्ट रुजते आहे. दुकानदार एखादं पुस्तक स्वतः निवडून दर्शनी भागात ठेवतो, तीन डिसेंबरला, म्हणजे बहिणाबाईंच्या स्मृतिदिनी, किंवा सत्तावीस फेब्रुवारीला, मराठी भाषा दिनी, संध्याकाळी शटर अर्धं ओढून दहा-वीस माणसं सतरंजीवर बसवतो आणि त्यातली पानं मोठ्याने वाचायला लावतो. हे पुण्या-मुंबईकडून आलेलं खूळ आहे असं बऱ्याच जणांना वाटतं. मला तसं वाटत नाही. आमच्याकडे पुस्तक नेहमीच आधी कानावर आलं आणि मग हातात, आणि याचे पुरावे शंभर-सव्वाशे वर्षांचे आहेत.

सुरुवात पोथीपासून करावी लागते. श्रावणात गल्लीतल्या एका घरी पोथी लागायची. वाचणारा एक आणि ऐकणारं सगळं आळीतलं माणूस, त्यात अक्षरओळख नसलेल्या बायका सर्वांत पुढे. पोथी विकणाऱ्याला गिऱ्हाइकाचं घर माहीत असावं लागे. महिनाभर सवड असेल त्याला चाळीस अध्यायांचा नवनाथ भक्तिसार, शेतात निंदणी-कोळपणी चालू असेल त्याला शिवलीलामृताचा सुटा अकरावा अध्याय. मार्गशीर्षात सारंगखेड्याला तापीकाठी दत्ताची यात्रा आणि घोडेबाजार भरतो, त्याच्या आधीच्या आठवड्यात घरोघरी गुरुचरित्राचं पारायण बसतं. तेव्हा पुन्हा पोथ्यांना मागणी. ‘तुमच्याकडे वेळ किती, वाचणार कोण, ऐकणार कोण’ हे विचारून पुस्तक हातात देणं ही पुस्तकाची शिफारसच होती. फक्त तिला कोणी तसं नाव दिलं नव्हतं.

त्या ऐकणाऱ्या बायकांपैकीच एक असोद्याच्या बहिणाबाई चौधरी. जन्म १८८०, मृत्यू ३ डिसेंबर १९५१. लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर ओव्या सुचत, त्या मुलाने, म्हणजे कवी सोपानदेव चौधरींनी, आणि त्यांचे मावसभाऊ पीतांबर चौधरी यांनी कागदावर उतरवल्या. आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईची गाणी’ छापून आली १९५२ साली. गाणी करणारीने स्वतःचं पुस्तक पाहिलंच नाही. मला दर वेळी थांबवणारी गोष्ट मात्र याहून वेगळी आहे. या बाईने छापखान्यावर कविता केली होती. कोरा कागद छापून शहाणा होतो आणि माणूस मात्र होता तसाच वेडा राहतो, असं तिने यंत्राकडे पाहून म्हटलं. अक्षर न वाचता आलेल्या माणसाने छपाईबद्दल याहून नेमकं काही सांगितलेलं मला ठाऊक नाही. जळगाव जिल्ह्यात पुस्तकांचं दुकान चालवणाऱ्या कोणीही ही कविता गल्ल्याच्या मागच्या भिंतीवर लावावी.

तिची भाषा छापील पानावर पुणेरी वाचकाला अडखळवते. तीच कविता जळगाव, यावल, रावेर, भुसावळच्या लेवा पाटीदार घरात मोठ्याने वाचा, आजी पुढची ओळ स्वतः म्हणते. म्हणून तिच्या स्मृतिदिनाला दुकानात भाषण ठेवण्यापेक्षा वाचन ठेवावं, हे माझं मत पक्कं आहे.

बहिणाबाई अजून विशीत असताना, १९०७ साली, जळगावात महाराष्ट्र कविसंमेलन भरलं. धरणगावात जन्मलेला त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाचा सतरा वर्षांचाही न झालेला मुलगा तिथे उभा राहिला आणि त्याने कविता म्हटल्या. अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी त्याला ‘बालकवी’ ही पदवी दिली. मुलाच्या नावावर तेव्हा पुस्तक नव्हतं. सभेने ऐकलं आणि मान्य केलं. १९१८ च्या मे महिन्यात भादलीजवळ रेल्वेखाली त्याचा अंत झाला, तेव्हा त्याला अठ्ठाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. त्याच्या कविता जूनच्या पहिल्या पावसात पुढे मांडाव्यात.

मग तुरुंग. १९३२ साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी त्यांनी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन दिलं. अठरा रविवार, अठरा अध्याय. समोर राजकीय कैदी बसलेले, आणि त्यांच्यात भराभर लिहून घेणारे साने गुरुजी. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक असं तयार झालं. बोलणारा एक, लिहिणारा दुसरा, जागा धुळ्याची. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिलं, आणि त्यातल्या प्रकरणांना ‘रात्र’ म्हटलं, कारण श्याम ती गोष्ट रात्री सोबत्यांना सांगतो आहे.

गुरुजी त्याआधी १९२४ ते १९३० अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. तिथल्या वसतिगृहातल्या मुलांसाठी ते स्वतःच्या हाताने ‘छात्रालय’ नावाचं दैनिक लिहून काढत. रोज! दिवसभर शिकवून, मुलांचं आजारपण-उठबस बघून, वर हे. मुलांनी काय वाचावं, कशाचा विचार करावा, हे त्यात येई. आज एखाद्या दुकानात पुस्तकाला टाचलेली हस्ताक्षरातली चिठ्ठी दिसते, ‘हे वाचा, अमुक कारणासाठी’ असं लिहिलेली, तेव्हा मला ते दैनिक आठवतं. मुलांच्या पुस्तकांचं वाचन दुकानात ठेवायचं तर २४ डिसेंबर हा गुरुजींचा जन्मदिवस सोडून दुसरी तारीख शोधायची गरजच नाही.

अमळनेर तसं भाग्यवान गाव. प्रताप शेठजींच्या आश्रयाने १९१६ साली तिथे तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं. धुळ्याचं वैभव निराळ्या जातीचं. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यात वारले आणि पुढच्या जानेवारीत राजवाडे संशोधन मंडळ सुरू झालं. समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी हस्तलिखितं जपली गेली. जुना कागद कसा सांभाळायचा, हे धुळ्याने शिकवलं.

मोठी साहित्य संमेलनंही झाली. १९३६ ला जळगाव, अध्यक्ष माधव जूलियन. १९४४ ला धुळे, मामा वरेरकर. १९५२ ला अमळनेर, कृ. पां. कुलकर्णी. १९८४ ला पुन्हा जळगाव, शंकरराव खरात. आणि बहात्तर वर्षांनी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, सत्याण्णवावं संमेलन परत अमळनेरला, अध्यक्ष रवींद्र शोभणे. संमेलनाचा मांडव तीन दिवसांत उतरतो, गावाचं दुकान मात्र तिथेच असतं.

दुकानाला खरा आधार दिला तो दोन गोष्टींनी. एक, १९६७ चा ग्रंथालय कायदा. अ, ब, क, ड वर्गातल्या गावोगावच्या वाचनालयांना अनुदान मिळू लागलं आणि त्यातली पुस्तकखरेदी मार्चअखेर संपवायची असल्याने फेब्रुवारी-मार्च हा विक्रेत्याचा दुसरा हंगाम झाला. यात एक तोटाही आला. जास्त सूट देणाऱ्या प्रकाशनाचे गठ्ठे वाचनालयात जातात आणि कपाटात पडून राहतात. ग्रंथपाल आणि दुकानदार यांनी बसून यादी केली तर हे टळतं, पण त्यासाठी दुकानदाराने वाचलेलं असावं लागतं.

दुसरी गोष्ट दिवाळी अंक. का. र. मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला. खान्देशात दिवाळी म्हणजे कापूस वेचून घरात यायला लागल्याचा काळ, हातात थोडे पैसे असण्याचा. एकदा वर्गणी भरा आणि अंक बदलून बदलून होळीपर्यंत वाचा, ही योजना आमच्या वाचनालयांनी आणि काही दुकानांनीही वर्षानुवर्षं चालवली. एक अंक पाच घरं फिरून परत येतो तेव्हा त्याच्या मुखपृष्ठाला हळदीचे डाग असतात.

आज शिफारशीच्या फळीवर काय असावं? बहिणाबाई, गुरुजी, बालकवी हे बारमाही. त्यांच्या शेजारी सांगवीच्या भालचंद्र नेमाड्यांची १९६३ ची ‘कोसला’, आणि ती पुण्याच्या कॉलेजाची गोष्ट म्हणून न देता गावाकडे परतणाऱ्या मुलाची गोष्ट म्हणून द्यावी. नंदुरबार-शहाद्याकडच्या दुकानात वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ हा कवितासंग्रह नसेल तर ती उणीव मोठी आहे. सातपुड्यातल्या आदिवासी माणसाने स्वतःच्या तोंडाने बोलणं म्हणजे काय, ते त्यात आहे. आणि डॉ. रमेश सूर्यवंशी यांचा, अहिराणी या आमच्या खान्देशी बोलीचा शब्दकोश, जो मी भेट म्हणून देत आलो आहे.

अहिराणी पुस्तकांची गोष्ट थोडी अवघड आहे. जन्मभर अहिराणी बोललेला माणूस ती छापलेली दिसली की अडखळतो, कारण शाळेत त्याने ती कधी वाचलेली नसते. दुकानदाराने एक पान वाचून दाखवलं की चेहरा बदलतो. गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, एका दुकानात मी हे पाहिलं. माहेरी आलेली एक बाई मुलीच्या वह्यांची चौकशी करत होती; सालदारांची, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतगड्यांची, नवी वर्षं ठरत होती, झाडांना झोके लागले होते. दुकानदाराने बहिणाबाईंचं आखाजीवरचं गाणं काढून चार ओळी वाचल्या. ‘हे तं आमची माय म्हने,’ ती म्हणाली, आणि पुस्तक मुलीच्या हातात देऊन तिला पुढचं वाचायला सांगितलं.