नवं सस्पेन्शन, जुनी चासी

1932 च्या फोर्डला पुढून फोर्डच्याच ‘मस्टँग टू’ या गाडीचं सस्पेन्शन बसवायचं, हा अमेरिकेतल्या हॉट रॉडवाल्यांचा, म्हणजे जुन्या गाड्यांत फेरफार करणाऱ्या हौशी मंडळींचा, जुना उद्योग. त्याच्याबरोबर एक काम हमखास येतं: चासीच्या, म्हणजे गाडीच्या पोलादी सांगाड्याच्या, दोन्ही लांब चॅनलना आतून पत्रा मारून त्यांची बंद पेटी करायची. या कामाचं मूळ पार फोर्डच्या मॉडेल टीपर्यंत जातं.

1908 च्या मॉडेल टीला पुढे अखंड एक्सल आणि त्यावर आडवी पाट्यांची स्प्रिंग होती. चासी सी-चॅनलची, म्हणजे एक बाजू उघडी असलेल्या, इंग्रजी C च्या आकाराच्या पट्ट्यांची. एक चाक खड्ड्यात गेलं की चासीही थोडी पीळ खायची, आणि कच्च्या रस्त्यांवर ते सोयीचंच होतं. चाकं उभी धरायचं काम एक्सलचं; चासीच्या वाट्याला मुख्यतः वजन.

हे गणित 1930 नंतर बदललं. रोल्स-रॉईसमधून कॅडिलॅककडे आलेल्या मॉरिस ऑली या इंग्रज इंजिनिअरला पुढच्या स्प्रिंगा मऊ हव्या होत्या. पण अखंड एक्सलवर त्या मऊ केल्या की चाकं थरथरू लागत. म्हणून 1934 च्या जनरल मोटर्सच्या गाड्यांत पुढची चाकं एकमेकांपासून सुटी झाली. आता वळणाचा आणि ब्रेकचा सगळा जोर विशबोनमधून, म्हणजे चाक चासीला जोडणाऱ्या आडव्या भुजांमधून, थेट चासीत. ती पिळली, तर चाकांचे कोनही बिघडणार. हेन्री फोर्ड मात्र शेवटपर्यंत अखंड एक्सलला चिकटून राहिला. तो गेला 1947 मध्ये, आणि फोर्डच्या मोटारीची पुढची चाकं सुटी झाली ती 1949 च्या मॉडेलला.

1974 ते 78 मधल्या मस्टँग टूचं आटोपशीर विशबोन सस्पेन्शन आणि रॅक-पिनियन स्टिअरिंग जुन्या फोर्डमध्ये बसवायला सोपं ठरलं. पण चासी तीच, फक्त वजन पेलायला केलेली.

आकडेच बघा. 150 मिमी उंच, 45 मिमी रुंद, 3 मिमी जाड सी-चॅनलची उघडी बाजू त्याच जाडीच्या पत्र्याने बंद केली, की पिळाला होणारा विरोध साधारण साडेपाचशे पट वाढतो. वजन मात्र होतं ते साधारण 1.6 पट. 1932 च्या चासीची बाहेरची बाजू गाडीच्या रूपाचाच भाग आहे. चॅनलचं तोंड आत असल्यामुळे तिला धक्का लागत नाही. सलग वेल्डिंग केलं तर मात्र चासी केळीसारखी वाकते. म्हणून ती आधी सपाट जिगवर, म्हणजे पक्क्या चौकटीवर, घट्ट बांधतात, मग वेल्डिंगचा बोटभर टाका इथे, पुढचा पलीकडच्या चॅनलवर, आणि मध्ये थंड होऊ द्यायचं. बॉडीचे नट आत बसवायचे राहिले आणि पेटी बंद झाली, तर पुन्हा ग्राइंडर हातात घ्यावा लागतो.

आपल्याकडे हा शौक कायद्यात अडकतो. 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेतला नंबर मिळतो, पण चासीत फेरफार केलेला नसला तरच.