आरव्ही कॅम्पिंग

झोपणे, स्वयंपाक आणि बहुधा न्हाणी-शौचालय यांची सोय असलेल्या वाहनातून प्रवास करत रानात, तळ्याकाठी किंवा खास आखलेल्या तळावर काही दिवस मुक्काम करण्याची प्रथा. ‘रिक्रिएशनल व्हेइकल’ या नावाचे आरव्ही हे लघुरूप अमेरिका आणि कॅनडात रूढ आहे. ब्रिटन व ऑस्ट्रेलियात अशाच वाहनांना कॅराव्हॅन, मोटरहोम, कॅम्परव्हॅन म्हणतात. प्रस्तुत नोंद मुख्यतः उत्तर अमेरिकेतील प्रथेविषयी आहे.

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते, पण त्याला सांडपाण्याची टाकी रिकामी करावी लागत नाही. आरव्हीच्या जाहिरातींत मोकळा रस्ता आणि मावळता सूर्य दिसतो. मुक्कामी माणसाचा दिवस मात्र बराचसा मोजण्यात जातो: टाकीत पाणी किती उरले, बॅटरी किती उतरली, गॅस किती दिवस पुरेल, गाडी सपाट उभी आहे की नाही. पक्क्या घरात भिंतीआड, जमिनीखाली चालणारी कामे येथे घरधन्याच्या हातात येतात. तळावरच्या बहुतेक गप्पाही याच कामांतून निघतात.

या प्रथेचा उगम घोडागाडीच्या काळात आहे. विल्यम गॉर्डन स्टेबल्स या ब्रिटिश डॉक्टर-लेखकाने ‘द वाँडरर’ नावाची घोड्यांनी ओढायची फिरती खोली ब्रिस्टॉलच्या एका वॅगन-कारखान्याकडून बांधून घेतली आणि १८८५ मध्ये तीतून स्कॉटलंडपर्यंत सफर केली. केवळ हौसेसाठी बांधलेले हे पहिले कॅराव्हॅन मानले जाते. अमेरिकेत १९१० मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील प्रदर्शनात पिअर्स-अ‍ॅरो कंपनीने ‘टूरिंग लँडो’ मांडली. तिची मागची बैठक उलगडून पलंग होई, चालकाच्या पाठीमागून हात धुण्याचे भांडे खाली येई आणि मालकाला चालकाशी बोलायला टेलिफोन होता. हा झाला श्रीमंतांचा शौक. साध्या माणसांनी आपल्या मोटारींवरच तंबू आणि फळ्या ठोकल्या. फ्लोरिडातील टँपा येथे १९१९ मध्ये अशा हौशी लोकांनी ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ ही संघटना काढली. रेडिएटरच्या झाकणावर डाग देऊन बसवलेला पत्र्याचा डबा ही त्यांची खूण होती.

पुढच्या टप्प्यावर वॉली बायम यांच्या एअरस्ट्रीम कंपनीचे चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचे ट्रेलर आले. त्यांतला ‘क्लिपर’ १९३६ चा. याच घडणीच्या एका ट्रेलरचे रूपांतर करून नासाने १९६९ मध्ये चंद्रावरून परतलेल्या अपोलो-११ च्या अंतराळवीरांना विलगीकरणात ठेवले होते. आरव्हीच्या इतिहासातला सर्वांत प्रतिष्ठित मुक्काम तो हाच म्हणावा लागेल, जरी त्यातल्या पाहुण्यांना दाराबाहेर खुर्ची टाकून बसण्याची मुभा नव्हती. १९६२ मध्ये मोंटाना राज्यातील बिलिंग्ज येथे केओए या खासगी तळांच्या साखळीची सुरुवात झाली. आयोवातील विनेबेगो कंपनीने १९६६ पासून कारखान्याच्या पट्ट्यावर मोटरहोम बनवायला सुरुवात केली, आणि हे वाहन मध्यमवर्गाच्या आवाक्यात येऊ लागले. आज या उद्योगाचे केंद्र इंडियाना राज्यातील एल्कहार्ट आणि आसपासचा प्रदेश हे आहे.

वाहनांचे दोन मोठे गट पडतात: स्वतःच्या इंजिनाची आणि ओढून न्यायची. पहिल्या गटात बसएवढा ‘ए’ वर्ग, व्हॅनमध्येच संसार थाटलेला ‘बी’ वर्ग आणि चालकाच्या डोक्यावर पलंग असलेला ‘सी’ वर्ग येतो. अक्षरांचा क्रम आकाराशी जुळत नाही, त्यामुळे नवखे हमखास गोंधळतात. ओढायच्या गटात मागच्या हुकाला जोडलेला ट्रॅव्हल ट्रेलर, पिकअप ट्रकच्या हौद्यात जोड बसणारा फिफ्थ व्हील आणि घडी होणारा पॉप-अप हे मुख्य प्रकार. ट्रॅव्हल ट्रेलरच्या एकूण वजनापैकी साधारण १० ते १५ टक्के भार हुकावर यावा लागतो. सामान मागे कोंबले की हा भार घटतो आणि वेगात ट्रेलर डोलू लागतो. या डोलण्याला ‘स्वे’ म्हणतात, आणि ते एकदा अनुभवलेला माणूस पुढे डबे-बाटल्यासुद्धा विचार करून रचतो.

उंची आणि लांबी विसरून चालत नाही. ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानातल्या ‘गोइंग-टू-द-सन’ रस्त्याच्या डोंगरी भागात २१ फुटांहून लांब आणि ८ फुटांहून रुंद वाहनांना मनाई आहे. नॉर्थ कॅरोलायनातील डरहॅम येथील रेल्वेपूल ११ फूट ८ इंच उंचीचा होता आणि त्याखाली अडकून छत सोलले गेलेल्या वाहनांमुळे तो कुप्रसिद्ध झाला. २०१९ मध्ये तो आठ इंचांनी वर उचलला, तरी छत सोलून घेणारे मिळतातच. गाडीची उंची कागदावर लिहून चालकासमोर चिकटवणे ही यातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी युक्ती.

तळावर पोहोचल्यावर

तळावरच्या जागा दोन तऱ्हांच्या असतात. एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघता येते ती ‘पुल-थ्रू’. मागे घेत आत शिरावे लागते ती ‘बॅक-इन’. ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग ज्या बाजूला फिरवावे त्याच्या उलट बाजूला तो वळतो. एक जण चाकावर, दुसरा मागे उभा राहून हातवारे करतो आहे आणि दोघांचा आवाज चढत चालला आहे, हे दृश्य संध्याकाळी प्रत्येक तळावर दिसते. शेजारी ते खुर्च्यांत बसून, न पाहिल्यासारखे करून पाहतात. जुने जोडीदार आधीच ठरवून ठेवतात की ‘डावीकडे’ म्हणजे कोणाचे डावे.

जागेवर आल्यावर आधी चाकाखाली ठोकळे देऊन आडवी सपाटी साधायची आणि मग चाकांना पाचरी लावायच्या. ओढणाऱ्या वाहनापासून ट्रेलर सोडवण्याआधीच त्या लागल्या पाहिजेत. मग जॅक फिरवून उभी सपाटी साधली जाते. पाणसळीचा बुडबुडा मधोमध आणण्यामागे झोप नीट लागावी एवढाच हेतू नसतो. जुन्या पद्धतीचा गॅसवर चालणारा फ्रीज अमोनियाच्या द्रावाच्या वाहण्यावर अवलंबून असतो. तो तिरपा ठेवून तासन्‌तास चालवला तर प्रवाह खुंटतो आणि थंडावा देणारी नळ्यांची जुळणी कायमची निकामी होऊ शकते. हल्ली रुळलेल्या १२ व्होल्टच्या कॉम्प्रेसर फ्रीजना हे पथ्य नाही.

वीज, पाणी आणि सांडपाणी या तिन्हींची जोडणी असलेल्या जागेला ‘फुल हुकअप’ म्हणतात. विजेचे खांब बहुधा ३० किंवा ५० अँपिअरचे असतात. ३० अँपिअरची जोडणी १२० व्होल्टला ३,६०० वॉट देते. ५० अँपिअरच्या जोडणीत १२० व्होल्टच्या दोन तारा असल्याने ती १२,००० वॉटपर्यंत जाते. आकड्यांवरून वाटतो त्याहून हा फरक फार मोठा आहे. ३० अँपिअरवर एअर कंडिशनर चालू असताना मायक्रोवेव्ह आणि केस वाळवण्याचे यंत्र एकदम लावले की ब्रेकर उडतो. म्हणून ‘कोणी काय लावले आहे?’ हा प्रश्न घराघरांतून ऐकू येतो. खांबातली वीज सदोष असू शकते, यासाठी जाणकार सर्ज प्रोटेक्टर आधी लावतात आणि गाडीची वायर नंतर.

पाणी जड असते. एक अमेरिकन गॅलन म्हणजे ३.७८५ लिटर, तेव्हा ५० गॅलनची भरलेली टाकी जवळपास १९० किलो वजन वाढवते. तळाच्या नळाचा दाब कधी फार जास्त असतो, त्यामुळे नळावर दाब नियंत्रक बसवून मगच पिण्याच्या पाण्याचा वेगळा पांढरा पाइप जोडतात. वापरलेले पाणी दोन टाक्यांत जाते: न्हाणी आणि मोरीचे ‘ग्रे’ टाकीत, शौचालयाचे ‘ब्लॅक’ टाकीत. नवखा माणूस हुकअप मिळाले म्हणून ब्लॅक टाकीची झडप उघडीच ठेवतो. पातळ भाग निघून जातो, घट्ट भाग तळाशी साचत मनोरा रचतो, आणि तो फोडण्याचे काम पुढे कोणाच्या तरी वाट्याला येते. योग्य रीत अशी की झडप बंद ठेवावी, टाकी बरीच भरू द्यावी, मग आधी ब्लॅक सोडावी आणि पाठोपाठ ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. हातमोजे वेगळे, पाइप वेगळा, आणि दोन्ही पिण्याच्या पाइपाजवळ ठेवायचे नाहीत. या कामाला कोणी सरावतो, पण त्याची आवड कोणाला लागल्याचे दिसत नाही.

उघड्यावरचा स्वयंपाक

आरव्हीत शेगडी असते, बहुतेकांत छोटा ओव्हनही असतो. तरी स्वयंपाक बाहेर सरकतो. आत वास कोंडतो, गरमी वाढते, आणि गॅसवरचा तो ओव्हन एका बाजूने करपवतो नि दुसऱ्या बाजूने कच्चे ठेवतो. त्यात जाड फरशीचा तुकडा ठेवून उष्णता पसरवणे हा अनेकांचा तोडगा. बाहेर सपाट लोखंडी ग्रिडल, जाळीची शेगडी आणि शेकोटी अशी तीन ठाणी असतात. सकाळी ग्रिडलवर बेकन, त्याच्याच चरबीत बटाट्याचे काप आणि अंडी, शेवटी पॅनकेक. हा क्रम भांडी कमी पडावीत म्हणून ठरलेला आहे, कारण धुण्याचे प्रत्येक भांडे ग्रे टाकीत भर घालते. याच कारणाने मांस, कांदा, गाजर, बटाटा फॉइलमध्ये गुंडाळून निखाऱ्यात पुरण्याची पद्धत लोकप्रिय आहे: ताट तेच, भांडेही तेच.

खरे कौशल्य दिसते ते डच ओव्हनमध्ये. हे तीन पायांचे बिडाचे भांडे. झाकणाला उभी कड असते, जेणेकरून वर निखारे ठेवता यावेत. खालीवर विस्तव असल्याने त्यात पाव, बिस्किटे आणि पीच कॉब्लर भाजता येतात. कोळशाच्या वड्या मोजण्याचा सोपा नियम असा: भांड्याचा व्यास जितके इंच, त्यात तीन मिळवून तेवढ्या वड्या झाकणावर आणि तीन वजा करून तेवढ्या खाली. १२ इंची भांड्याला वर १५, खाली ९; त्यातून अंदाजे १६५ ते १७५ अंश सेल्सिअस मिळतात. वारा सुटला, थंडी वाढली की हिशेब कोलमडतो. मग अनुभवी हात दर पंधरा मिनिटांनी भांडे एका दिशेला आणि झाकण विरुद्ध दिशेला चतकोर फिरवतो. झाकण उचलून पाहण्याचा मोह झालेल्याच्या पदार्थात राख पडते. साबणात भिजत ठेवून बिडाचे भांडे बिघडवणारा पाहुणा पुन्हा बोलावला जात नाही, असे म्हणतात. ते पूर्ण खोटे नसावे.

रात्री मुलांसाठी स्मोअर होतो. शेकोटीवर भाजलेला मार्शमॅलो आणि चॉकलेटची वडी दोन ग्रॅहम क्रॅकरमध्ये दाबायची. गर्ल स्काउट्सच्या १९२७ च्या पुस्तिकेत याची कृती ‘सम मोअर्स’ या नावाने छापली आहे. मार्शमॅलो सोनेरी भाजावा की पेटवून काळा करावा, यावर एकमत झालेले नाही.

लाकूड घरून आणू नये, हा नियम बऱ्याच तळांवर कडक आहे. २००२ मध्ये मिशिगनमध्ये आढळलेल्या एमराल्ड अ‍ॅश बोररसारख्या किडी सरपणातून दूरवर पोहोचतात आणि अ‍ॅशची झाडे मारतात. म्हणून सरपण मुक्कामाजवळच विकत घेतात. अस्वलांच्या मुलखात खाणे, कूलर, टूथपेस्ट, अगदी मांजराची वाटीसुद्धा रात्री बाहेर राहू द्यायची नसते.

शेजार आणि बोलणे

तळावर ओळख करून घ्यायला निमित्त लागत नाही. ‘कुठून आलात?’ हा पहिला प्रश्न आणि ‘रिग कोणती?’ हा दुसरा. रिग म्हणजे सगळे वाहन, ओढणारे नि ओढले जाणारे धरून. त्यानंतर इंधन किती खाते, टायर किती वर्षांचे, पुढच्या गावी डम्प स्टेशन (सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करण्याची जागा) आहे का, छताची गळती कशी बुजवली. व्यवसाय, पैसा आणि राजकारण यांना बरेच जण टाळतात. गळके छत मात्र कोणालाही कोणाशी बोलते करते. रेंच किंवा अ‍ॅडॉप्टर मागायला येणारा माणूस तासाभराने परत जातो, आणि जाताना बहुधा स्वतःच्या बिघाडाची गोष्ट सांगून जातो.

काही मर्यादा न लिहिता पाळल्या जातात. दुसऱ्याच्या जागेतून आडवे जायचे नाही, मग ती वाट कितीही जवळची असो. कोणी हुक जोडत वा सोडवत असेल तर त्याच्याशी गप्पा मारायच्या नाहीत: एक पाचर, एक सुरक्षा-साखळी विसरली गेली तर नुकसान भारी असते. दार लावून, पडदे ओढून बसलेल्याला हाक मारायची नाही. रात्रीच्या शांततेच्या तासांत, जे बऱ्याच ठिकाणी दहा वाजता सुरू होतात, जनरेटर बंद. छताबाहेर ओढलेले ऑनिंग (सावलीचे कापडी छप्पर) वाऱ्यात तसेच सोडून कोणी फिरायला गेला असेल तर शेजारी ते मिटवायला धावतात, आणि त्याबद्दल परवानगी मागितली नाही म्हणून कोणी रागावत नाही.

हुकअपविना आणि घराविना

कोणत्याही जोडणीविना राहण्याला ‘बूनडॉकिंग’ म्हणतात. पश्चिमेकडील राज्यांत ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या केंद्रीय सरकारी खात्याच्या बऱ्याचशा जमिनीवर असे विनामूल्य राहता येते. सर्वसाधारण मर्यादा २८ दिवसांच्या काळात १४ दिवसांची. येथे मोजमाप सर्वांत कडक होते. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये असा दंडक आहे, म्हणून सौर पट्ट्या आणि लिथियम बॅटऱ्यांकडे ओढा वाढला. अंग भिजवून नळ बंद, साबण, मग पुन्हा नळ, अशी आंघोळ शिकावी लागते. हिवाळ्यात अ‍ॅरिझोनातील क्वार्ट्झसाइट हे वाळवंटी गाव उत्तरेकडून आलेल्या आरव्हींनी भरून जाते. थंडी चुकवणाऱ्या या निवृत्तांना ‘स्नोबर्ड’ म्हणतात.

घर विकून कायम आरव्हीत राहणारे ‘फुल-टायमर’. त्यांना मतदान, विमा आणि टपाल यांसाठी कुठला तरी पत्ता लागतोच. १९७८ मध्ये स्थापन झालेला एस्केपीज हा क्लब टेक्सासमधील लिव्हिंगस्टन येथून सभासदांचे टपाल पुढे पाठवतो. काही फुल-टायमर तळावर यजमान म्हणून राहतात: जागा फुकट, बदल्यात शेकोटीच्या खड्ड्यांतली राख काढायची आणि उशिरा आलेल्यांना त्यांची जागा दाखवायची.

दक्षिणेला न जाणारे शरद ऋतूत गाडी हिवाळ्यासाठी बंद करून ठेवतात. नळ्यांत पाणी राहिले तर गोठून त्या फुटतात, म्हणून टाक्या रिकाम्या करून, पाणी तापवण्याची टाकी नळ्यांच्या वाटेतून वगळून, बिनविषारी गुलाबी अँटिफ्रीझ पंपाने सगळीकडे फिरवतात. प्रत्येक नळ आधी गरम, मग थंड असा उघडून पाहायचा; गुलाबी धार आली की पुढचा नळ. बाहेरच्या शॉवरचा नळ हटकून राहून जातो, आणि तो राहिल्याचे वसंतात पाणी सोडल्यावर कळते.