आजोबांचा एक्स आणि सव्वीस डब्यांची गाडी

"ऐंशी टक्के आलंय. म्हणजे मी सुटले ना?"

ओळखीतल्या एका तरुणीने मध्यंतरी हातातला रिपोर्ट माझ्यापुढे धरत हे विचारलं. तिच्या धाकट्या भावाला तीव्र स्वरूपाचा हिमोफिलिया ए, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आनुवंशिक आजार आहे. खेळताना साधं ठेचकाळलं तरी गुडघ्यात रक्त साचायचं, दोन-दोन आठवडे पाय सरळ व्हायचा नाही, हे तिने लहानपणापासून जवळून पाहिलेलं. आता स्वतःच्या मुलाबाळांचा विचार सुरू झाला, म्हणून तिने रक्त तपासून घेतलं. रक्त गोठायला लागणारा वेळ, म्हणजे एपीटीटी, मर्यादेत होता. फॅक्टर आठ या रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाची पातळी ८० टक्के, आणि ५० ते १५० म्हणजे नॉर्मल. कागदावर एकाही आकड्यापुढे चांदणी नव्हती. लॅबवाल्याने "काही नाही, सगळं नॉर्मल" म्हणून तिची बोळवण केली होती.

त्या कागदावरून ती वाहक, म्हणजे बिघडलेलं जनुक मुलांना देऊ शकणारी, आहे की नाही, याबद्दल काहीही कळत नव्हतं. वाहक नसलेल्या बाईचा रिपोर्ट असा येतो आणि वाहक असलेल्या बाईचाही असाच येऊ शकतो. हा गैरसमज इतका सर्रास आहे की त्यावर सविस्तर लिहावंसं वाटलं.

शाळेतली उजळणी दोन ओळींत. फॅक्टर आठ आणि फॅक्टर नऊ या रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात. आठ कमी पडला तर हिमोफिलिया ए (साधारण ५,००० मुलग्यांमागे एक), नऊ कमी पडला तर बी (साधारण ३०,००० मुलग्यांमागे एक). मुलाकडे एक्स एकच, त्यामुळे तो बिघडलेला असला की आजार ठरलेला. मुलीकडे दोन. एक बिघडला तरी दुसरा गाडा ओढतो, आणि ती बिघडलेला एक्स पुढच्या पिढीत निम्म्या अपत्यांना देऊ शकते. तीच वाहक.

दुसरा गाडा ओढतो हे खरं, पण किती, हे मात्र नशिबावर. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स असले तरी कामावर एकच असतो. दुसरा गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या काळातच गुंडाळून कायमचा बंद केला जातो. ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञ मेरी लायन यांनी १९६१ मध्ये हे मांडलं. कोणता बंद करायचा, याचा कौल प्रत्येक पेशी स्वतंत्रपणे लावते आणि तिच्या सगळ्या लेकी-नाती तोच पाळतात. सरासरी काढली तर वाहक स्त्रीत फॅक्टर निम्मा, पन्नास टक्क्यांच्या आसपास भरतो. पण कौल लावला जातो तेव्हा पेशी मोजक्याच असतात, आणि मोजक्या वेळा नाणं उडवलं तर छापा-काटा सारखे पडतीलच असं नाही. म्हणून एखाद्या वाहक बाईत पातळी ९० असते, तर दुसरीत २०. ज्यांची ४० टक्क्यांच्या खाली जाते त्यांना नुसतं 'वाहक' म्हणून सोडून देणं चूकच. त्यांना सौम्य हिमोफिलिया आहे असंच आता धरतात. पाळीत वर्षानुवर्षं अतोनात रक्त जाणाऱ्या अशा कित्येक जणींना "बायकांना असतंच" हेच निदान मिळालेलं असतं.

त्यात फॅक्टर आठ लहरी. ताण, व्यायाम, ताप, गर्भारपण, काही हार्मोनच्या गोळ्या यांनी तो चढतो. ओ रक्तगटाच्या माणसांत तो मुळातच कमी असतो. आणि एपीटीटी तर फॅक्टर बराच घसरेपर्यंत ब्र काढत नाही. पातळी मोजायलाच हवी, कारण त्या बाईला स्वतःला रक्तस्रावाचा धोका किती ते त्यावरून कळतं. ती वाहक आहे का, हे डीएनएलाच विचारावं लागतं.

आता खरा घोळ. "आमच्या घराण्यात कुणालाच नव्हता, मग याला कुठून आला?" या तरुणीच्या आईचाही हाच प्रश्न होता. त्यावर पुस्तकी उत्तर असं की एक तृतीयांश रुग्णांच्या घरात आधी कुणालाच हिमोफिलिया नसतो, जनुकात नव्याने बदल झालेला असतो. वाक्य बरोबर आहे, पण लोक त्यावरून काढतात तो निष्कर्ष चुकीचा: बदल नवा आहे, म्हणजे आई वाहक नाही.

या 'नव्या' बदलाचा हिशोब ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९३५ मध्ये मांडला, तो मला फार आवडतो. तेव्हा उपचार नव्हते. तीव्र हिमोफिलिया असलेले पुरुष मूल होण्याच्या वयापर्यंत क्वचितच पोचत. समाजातल्या एकूण एक्स गुणसूत्रांपैकी एक तृतीयांश पुरुषांकडे असतात, म्हणजे दर पिढीला बिघडलेल्या एक्सपैकी साधारण तितका वाटा त्यांच्याबरोबर नष्ट होणार. मग हा आजार काही पिढ्यांत संपायला हवा होता. संपला नाही, याचा अर्थ जेवढं गळतं तेवढंच दर पिढीला नव्याने भरलं जातं. कुठल्याही प्रयोगशाळेत न जाता, जनुक म्हणजे नेमका कोणता पदार्थ हे कळायच्याही आधी, माणसाच्या जनुकात बदल किती वेगाने होतात याचा अंदाज या गृहस्थाने बांधला. पुढे १९४७ मध्ये त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली: हे बदल स्त्रीबीजापेक्षा शुक्रजंतूत जास्त होत असावेत. पण बाप मुलाला एक्स देतच नाही, मुलीला देतो. म्हणजे अपघात एका पिढीत आणि आजार पुढच्या पिढीत. मधली कडी असते आई.

कसा अपघात? हिमोफिलिया ए मधला सर्वांत मोठा गुन्हेगार सापडला तो १९९३ मध्ये, आणि या लेखातली बरीच जागा मी त्यालाच देणार आहे.

फॅक्टर आठचं जनुक अवाढव्य आहे, डीएनएच्या जवळपास १,८६,००० अक्षरांचं. त्यातला प्रथिनाचा मजकूर २६ तुकड्यांत विखुरलेला. या तुकड्यांना एक्झॉन म्हणतात, मधल्या लांबच लांब पट्ट्यांना इंट्रॉन. ही २६ डब्यांची गाडी समजा. १९८४ मध्ये जनुक हाती आलं, आणि पुढच्या काही वर्षांत एकेक डबा उघडून तपासायची सोय झाली. तीव्र आजार असलेल्या निम्म्या रुग्णांत दोष सापडला. उरलेल्या निम्म्यांत २६ च्या २६ डबे ठणठणीत! जनुक निर्दोष आणि गुडघा सुजलेला, हे कोडं सुटेना. काहींना शंका आली की दोष या जनुकात नाहीच, भलतीकडे आहे.

१९९२ मध्ये लंडनमधल्या एका गटाने डबे सुटे न तपासता आरएनए, म्हणजे पेशीने जोडून तयार केलेली गाडी, तपासली. या रुग्णांत बावीसपर्यंतचे डबे जोडलेले मिळत, पण बावीसवरून तेविसाव्यात काही केल्या जाता येईना. कपलिंगच तुटलेलं. डबे सगळे यार्डात आहेत, पण पहिले बावीस कुठल्या तरी दुसऱ्याच रुळावर उलट्या तोंडाने उभे आहेत.

असं का व्हावं, ते १९९३ मध्ये उलगडलं. बाविसावा इंट्रॉन हा या जनुकातला सर्वांत लांब, सुमारे ३२,००० अक्षरांचा. त्यात ९,५०० अक्षरांचा एक मजकूर आहे, आणि त्याच्या जवळजवळ तंतोतंत दोन नकला जनुकाच्या बाहेर, चार-पाच लाख अक्षरं पलीकडे, गुणसूत्राच्या टोकाच्या दिशेने बसल्या आहेत. एक लांब फीत घ्या. मध्यावर उजवीकडे तोंड केलेला बाण काढा, टोकाजवळ डावीकडे तोंड केलेला. आता फीत अशी दुमडा की दोन्ही बाण एकमेकांवर बसून एकाच दिशेला बघतील. दोन्ही बाण मधोमध कापा आणि टोकांची अदलाबदल करून चिकटवा. फीत उलगडली की लांबी तेवढीच. काही हरवलं नाही, काही वाढलं नाही. फक्त दोन बाणांमधला सगळा पट्टा उलटा झाला. जनुकाचं एक टोक त्या पट्ट्यात गेलं, दुसरं जागच्या जागी राहिलं. हाच 'इंट्रॉन २२ चा उलटफेर'. तीव्र हिमोफिलिया ए च्या जवळजवळ ४५ टक्के रुग्णांत तोच असतो.

आणि आता मजा. हा उलटफेर जवळपास नेहमी पुरुषाच्या शरीरातच घडतो. बीजपेशी तयार होताना गुणसूत्रं जोडीजोडीने शेजारी येऊन चिकटतात. स्त्रीत एक्सला दुसरा एक्स मिळतो. दोघं चेनसारखे एकमेकांत अडकले की दुमडायला वाव राहत नाही. पुरुषात एक्सच्या वाट्याला येतो तोकडा वाय, आणि दोघांचं जुळतं ते टोकांच्या छोट्या तुकड्यांपुरतं. बाकीचा एक्स एकटाच. फॅक्टर आठचं जनुक नेमकं एक्सच्या लांब भुजेच्या टोकाशी आहे. जोडीदार नसलेलं ते टोक स्वतःवरच दुमडतं, नकला एकमेकींवर बसतात आणि कात्री चालते.

म्हणून हा उलटफेर घेऊन एखादा मुलगा घराण्यात पहिल्यांदाच जन्मतो, तेव्हा त्याची आई जवळजवळ नक्की वाहक असते. अपघात तिच्यात झालेला नसतो; तिच्या वडिलांच्या एका शुक्रजंतूत झालेला असतो, तिच्या जन्माआधी. त्या आजोबांना स्वतःला काही नाही, कारण त्यांच्या बाकी पेशी धडधाकट. "तुझ्या रक्तात खोट" म्हणून सुनेला टोचणाऱ्यांनी आणि पूर्वजांचा शाप उतरवून देणाऱ्यांनी ही फीत एकदा दुमडून पाहावी. नात्यात लग्न केल्याने हिमोफिलिया होतो, हेही तितकंच निराधार. एक्सवरच्या आजाराला आई एकटी वाहक असली की पुरते.

या उलटफेरामुळे चाचणीतही एक सापळा आहे. हल्ली 'संपूर्ण जनुकीय तपासणी' या नावाचा मोठा गाजावाजा असतो. प्रचलित यंत्रं डीएनएचे साधारण १५० अक्षरांचे तुकडे वाचून संगणकावर जुळवतात. नक्कल ९,५०० अक्षरांची, त्यामुळे तिच्या आत कुठे वळण झालं हे दीडशे अक्षरांच्या खिडकीतून दिसत नाही. प्रत्येक डब्याचा फोटो काढला, २६ भरले, "रोगकारक बदल आढळला नाही" असा रिपोर्ट छापला. लाळेची नळी पाठवून सगळे धोके सांगू म्हणणाऱ्या घरपोच चाचण्या तर ठरावीक जागाच तपासतात. त्यांच्यावर विसंबून तर मुळीच राहू नये.

उलटफेर मुद्दाम शोधावा लागतो. एक पद्धत अशी: डीएनए एका विकराने ठरावीक जागी कापायचा, तुकड्यांची टोकं आपसात जोडून कडी बनवायची, आणि कडीतला जोड पीसीआरने, म्हणजे त्याच्या असंख्य प्रती काढून, वाढवायचा. सरळ जनुकाच्या कडीतून एका लांबीचा पट्टा जेलवर उमटतो, उलटलेल्यातून दुसऱ्या लांबीचा. रुग्ण मुलाच्या नमुन्यात फक्त दुसरा, वाहक स्त्रीत दोन्ही. इंट्रॉन २२ मध्ये काही मिळालं नाही तर इंट्रॉन १ चा असाच, पण क्वचित आढळणारा उलटफेर पाहायचा, मग एकेक एक्झॉन वाचायचा. वाहक स्त्रीत एक एक्झॉन अख्खा गहाळ असला तर दुसऱ्या एक्सचा धड एक्झॉन ती उणीव झाकतो, म्हणून तिथे प्रती मोजणारी वेगळी चाचणी लागते. हिमोफिलिया बी त्यामानाने सोपा. जनुक छोटं, ३३,००० अक्षरांच्या आसपास, ८ एक्झॉन. बहुतेक दोष वाचनातच सापडतात. व्हिक्टोरिया राणीच्या वंशातला 'राजघराण्याचा आजार' हा बीच होता, हे २००९ मध्ये रशियाच्या झारच्या कुटुंबाच्या अस्थींमधल्या डीएनएवरून सिद्ध झालं. चौथ्या एक्झॉनच्या उंबरठ्यावर एक अक्षर बदललेलं होतं, बस.

या सगळ्यात क्रम महत्त्वाचा. आधी रुग्ण, मग आई, मग बहीण. भावात नेमकं काय बिघडलंय हे माहीत नसताना बहिणीचा डीएनए तपासला आणि काही मिळालं नाही, तर ती वाहक नाही म्हणून मिळालं नाही की शोधणाऱ्याला सापडलं नाही, हे ठरवता येत नाही. भावाचा दोष कळला की तिच्याबाबत प्रश्न एकच उरतो: तो आहे की नाही.

म्हणून त्या तरुणीला मी तिच्या डॉक्टरांकडे परत पाठवलं, भावाला बरोबर घेऊन. भावात इंट्रॉन २२ चा उलटफेर निघाला. आईत दोन पट्टे. तिच्यातही दोन. ८० टक्के फॅक्टर असलेली वाहक. ती आधी रडली, मग कागद-पेन घेऊन बसली. गर्भजल किंवा वारेचा नमुना कोणत्या आठवड्यात घेतात, गर्भपिंड रोपण करण्याआधी तपासता येतो का, आणि यातलं काहीच करायचं नसेल तर काय? त्याचंही उत्तर होतं: बाळ मुलगा असेल तर प्रसूतीत चिमटे आणि व्हॅक्यूम टाळायचे, जन्मताच नाळेच्या रक्तातून फॅक्टर मोजायचा, तोवर स्नायूत इंजेक्शन द्यायचं नाही. वाहक आहोत हे आधी कळलेलं असेल तरच हे जमतं.

मावशीचा प्रश्न राहिला होता. तिला दोन निरोगी मुलगे, आणि एक मुलगी लग्नाची. आजीच वाहक असेल तर मावशीची शक्यता मुळात निम्मी. दोन्ही मुलगे निरोगी निघाल्यामुळे ती उतरून पाचात एक होते. पण पाचात एक म्हणजे झोप लागण्याइतकं कमी नव्हे. मावशीचं रक्त घ्यायचं ठरलं तेव्हा आजी म्हणाली, माझंही घ्या.

दोघींच्या नमुन्यांत एकच पट्टा उमटला, सरळ जनुकाचा. आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली होती.