उपग्रह मार्गदर्शन संदेशांवरून बाष्पमापन : कोल्हापूर परिसर

जीपीएस, ग्लोनास, गॅलिलिओ आणि भारताची नाविक या मार्गदर्शन प्रणालींच्या उपग्रहांकडून येणारे रेडिओ संदेश वातावरणातून येताना किंचित रेंगाळतात. जमीनमोजणी करणारे हा विलंब चूक म्हणून काढून टाकतात. हवामानशास्त्रज्ञ तोच मोजतात, कारण त्यातला एक हिस्सा हवेतल्या बाष्पामुळे होतो. १९९२ मध्ये मायकेल बेव्हिस आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत मांडली. भारतीय हवामान विभागाने हे संदेश घेऊन बाष्प मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे उभारले आहे.

आयनांबरातील (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातील) विलंब संदेशाच्या कंप्रतेनुसार (फ्रिक्वेन्सीनुसार) बदलतो. त्यामुळे १५७५.४२ आणि १२२७.६० मेगाहर्ट्‌झ अशा दोन कंप्रतांची निरीक्षणे एकत्र करून तो जवळजवळ पूर्ण वजा करता येतो. साधा एककंप्रतेचा मोबाईल इथे चालत नाही तो यामुळेच. उरतो तो खालच्या हवेचा विलंब. उपग्रह डोक्यावर असताना तो अंतराच्या मापात सुमारे अडीच मीटर भरतो; क्षितिजापासून १० अंशांवर असताना साधारण साडेपाच पट. क्षितिजापासून निरनिराळ्या अंशांवरच्या उपग्रहांची निरीक्षणे गणिताने डोक्यावरच्या दिशेत आणून त्यांतून एकच आकडा काढतात.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे. पावसाळ्यात इथला प्रत्यक्ष वायुदाब ९४३ हेक्टोपास्कल धरला, तर त्यावरून सूत्राने कोरड्या हवेचा विलंब २.१५२ मीटर येतो. एकूण विलंब २.४७५ मीटर मिळाला असेल, तर बाष्पाचा वाटा ३२.३ सेंमी. जमिनीलगतचे तापमान २५ अंश असताना त्याला ०.१६२ ने गुणायचे : ५२ मिमी. डोक्यावरच्या हवेतले सगळे बाष्प पाणी होऊन खाली आले तर त्याचा थर एवढा जाड होईल.

सर्वांत महागात पडणारी चूक वायुदाबाची. हवामान नकाशांत दाब समुद्रसपाटीला आणून दाखवतात. तो १००५ च्या आसपासचा आकडा तसाच सूत्रात घातला, की कोरडा विलंब १४ सेंमीने फुगतो आणि बाष्प सुमारे २३ मिमीने कमी दिसते. भर जुलैत हिवाळ्यासारखी हवा! दाबमापक अँटेनापेक्षा ९ मीटर खाली ठेवला, तरी १ हेक्टोपास्कल, म्हणजे बाष्पात सुमारे ०.४ मिमीचा फरक पडतो. म्हणून दोन्हींमधल्या उंचीचा फरक टेपने मोजून नोंदवावा.

अँटेना पक्क्या खांबावर, पाण्याची टाकी आणि पत्र्याचे शेड यांपासून दूर बसवावी. पत्र्यावरून परावर्तित झालेला संदेश थेट संदेशात मिसळला, तर रोज त्याच सुमारास (जीपीएससाठी आदल्या दिवसापेक्षा चार मिनिटे आधी) खोटा चढउतार दिसतो. आवरणावरची पक्ष्यांची घाण पुसावी आणि वीजरोधक लावावा. पडणाऱ्या पावसाच्या थेंबांनी मापन फारसे बिघडत नाही. हवेतून येणारे सूक्ष्मतरंग मोजून बाष्प ठरवणाऱ्या रेडिओमापकाला मात्र पावसात अडचण येते.

कोल्हापूरचे अक्षांश विषुववृत्तीय आयनांबराच्या प्रभावाखाली येतात. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, विशेषतः सूर्य सक्रिय असताना, सूर्यास्तानंतर संदेश थरथरतात आणि त्यांच्या लहरींची कला (फेज) मोजताना मध्येच तुटतात. एप्रिलात वळिवाचे ढग चढण्याची वेळही साधारण तीच. त्यामुळे सायंकाळी बाष्पाचा आकडा अचानक उडाला, तर तुटलेल्या नोंदी आणि शिल्लक राहिलेले उपग्रह आधी तपासावेत.

आकडा मोठा म्हणजे पाऊस, असे समीकरण नाही. वळिवाच्या आणि परतीच्या पावसाआधी काही तासांत बाष्प झपाट्याने चढताना दिसते. तिथे या पद्धतीचा खरा उपयोग. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र आकडा सलग कित्येक दिवस मोठाच असतो आणि त्यावरून आज झड की उघडीप हे कळत नाही. गगनबावड्याला एका दिवसात २०० मिमी पाऊस झाला, तर तो डोक्यावरच्या ५०-६० मिमी बाष्पातून होणे शक्यच नाही. अरबी समुद्रावरून येणारा वारा ते सतत आणून घाटावर चढवत असतो. म्हणून बाष्पाबरोबर खालच्या थरातील वाऱ्याचा वेग आणि दिशा पाहावीच लागते.

शहरातील एका केंद्राचा आवाकाही मर्यादित असतो. बहुतेक बाष्प खालच्या दोन-तीन किलोमीटरांत असते. त्यामुळे क्षितिजापासून १० अंशांपर्यंतचे उपग्रह घेतले तरी केंद्राभोवतीचा १२-१५ किमीचाच परिसर मोजला जातो. पंचगंगेला फुगवणारा कासारी, कुंभी, तुळशी, भोगावतीचा घाटमाथा त्याच्या पश्चिमेला बाहेर राहतो. राजाराम बंधाऱ्यावरच्या ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका या पातळ्यांशी शहरातला आकडा जोडायचा, तर घाटाकडेही केंद्रे हवीत.

विलंब काढायला उपग्रह नेमका कुठे होता हे लागते; ते सांगणाऱ्या अंतिम कक्षा सुमारे दोन आठवड्यांनी मिळतात. महापुरानंतरच्या अभ्यासाला त्या उत्तम. इशाऱ्यासाठी मात्र अंदाजित कक्षा किंवा प्रत्यक्षवेळी मिळणाऱ्या दुरुस्त्या वापराव्या लागतात. दोन्ही प्रकारचे आकडे एकाच आलेखात मिसळू नयेत, नाहीतर सांध्यावर नसलेला चढ दिसतो.